‘आतले’ आणि ‘बाहेरचे’: ताइचीच्या इतिहासाची सोपी उकल

एप्रिल २०१७ मध्ये चीनमधील चेंगदू शहरात झालेल्या एका लढतीची चित्रफीत जगभर फिरली. एका बाजूला शू शियावदोंग हा ठोसे, लाथा आणि कुस्ती यांचे मिश्रण असलेल्या आधुनिक लढतींचा प्रशिक्षक होता आणि दुसऱ्या बाजूला वेई लेई हे स्वतःला ताइचीचे गुरू म्हणवणारे गृहस्थ होते. लढत अर्धा मिनिटही चालली नाही. गुरू जमिनीवर पडले, प्रतिस्पर्ध्याने वरून ठोसे लगावले आणि मध्यस्थाला धावून यावे लागले. पुढे अनेक महिने चिनी समाजमाध्यमांवर एकच वाद चालू होता, तो असा की हजारो वर्षांची म्हणून मिरवली जाणारी ही विद्या पोकळ आहे काय?

त्यानंतर तीनच वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये, युनेस्कोने याच ताइचीला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आपला योग २०१६ मध्ये ज्या यादीत गेला, तीच ही यादी. पहाटे बागेत आजीआजोबा संथपणे हात फिरवतात ती कसरत आणि प्राण पणाला लावून लढण्याची विद्या, या दोन्ही गोष्टी एकाच नावाखाली कशा आल्या, हा प्रश्न सामान्य वाचकाला पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर ताइचीच्या तंत्रापेक्षा तिच्या इतिहासात अधिक सापडते आणि तो इतिहास समजला की वरच्या वादातील निम्मा गोंधळ आपोआप निवळतो.

## आधी नाव समजून घेऊ

मराठी वाचकाची पहिली अडचण नावापाशीच होते, कारण ‘ताइची’ हा शब्द कानावर पडला की कोणत्या ताईची, असे विचारावेसे वाटते. चिनी भाषेत या विद्येचे पूर्ण नाव ‘ताइजीच्वान’ असे आहे. ‘च्वान’ म्हणजे मूठ, आणि त्यावरून मुष्टियुद्ध. ‘ताइजी’ ही चिनी तत्त्वज्ञानातील संज्ञा आहे. ज्या मूळ अवस्थेतून यिन आणि यांग, म्हणजे स्थिर आणि चल, मऊ आणि कठीण, अशा परस्परपूरक जोड्या निर्माण होतात, तिला ताइजी म्हणतात. आपण प्राणशक्ती म्हणून ज्या ‘ची’विषयी ऐकतो तो शब्द वेगळा, त्याची चित्रलिपीतील खूणही वेगळी. रोमन लिपीतील जुन्या लेखनपद्धतीमुळे दोन्ही शब्द सारखे दिसू लागले आणि ताइची म्हणजे प्राणशक्तीचीच काही साधना, असा समज पसरला.

ताइजी या संकल्पनेवर झोउ दुनयी या तत्त्वज्ञाने अकराव्या शतकात प्रसिद्ध विवेचन केले आणि शब्द तर त्याहूनही पुष्कळ जुना आहे. परंतु नाव जुने असल्यामुळे वस्तू जुनी ठरत नाही. एखाद्या खानावळीवर ‘अन्नपूर्णा’ अशी पाटी असली म्हणून ती पुराणकाळापासून चालत आलेली नसते. ताइचीच्या बाबतीत ही साधी गोष्ट अनेकदा विसरली जाते.

## ‘अंतर्गत’ शैली म्हणजे नेमके काय?

ताइची, शिंगयी आणि बागुआ या तीन युद्धकलांना एकत्रितपणे ‘नेइजिया’ म्हणतात. ‘नेइ’ म्हणजे आतले आणि ‘जिया’ म्हणजे घर किंवा घराणे. याच्या उलट ‘वाइजिया’, म्हणजे बाहेरचे घराणे, आणि त्यात शाओलिन मठाची परंपरा मोडते. नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण असे की बाहेरच्या घराण्यात स्नायूंचे बळ, वेग आणि आघात यांवर भर असतो, तर आतल्या घराण्यात श्वास, अवधान आणि सर्वांगाची एकसंध हालचाल यांवर. रहाट नसलेल्या विहिरीतून पाणी शेंदणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हा फरक लगेच कळेल: नवशिका दोन्ही हातांनी दोर ओढतो आणि दहाव्या पोहऱ्याला थकतो, सरावलेला माणूस पाय रोवून, कंबर आणि पाठ यांचा भार दोरावर सोडतो, हात केवळ दोर धरण्यापुरते वापरतो.

यातील दुसरे अंग म्हणजे समोरच्याचे बळ ओळखणे. त्यासाठी ‘तुइशोउ’, म्हणजे ढकलते हात, नावाचा जोडीचा सराव असतो. दोघे समोरासमोर उभे राहतात, एकाचे मनगट दुसऱ्याच्या मनगटाला अलगद टेकलेले असते आणि हात आडव्या वर्तुळात फिरत राहतात. जात्याचा एकच खुंटा धरून समोरासमोर दळायला बसलेल्या दोघी आठवाव्यात. जिला दुसरीच्या हाताचा अंदाज असतो ती नेमक्या जागी जोर देते आणि नेमक्या जागी सोडते. जिला नसतो ती भलत्या वेळी रेटते आणि जाते अडखळते. तुइशोउमध्ये हे अडखळणे मुद्दाम घडवून आणायचे असते. समोरच्याने रेटा दिला की त्याला विरोध न करता कंबरेतून किंचित वळायचे, त्याचा रेटा रिकाम्या जागी जाऊ द्यायचा, आणि त्याचा तोल पुढे झुकला की त्याच क्षणी ढकलायचे. पाहणाऱ्याला वाटते की नुसता स्पर्श केला आणि माणूस चार पावले मागे गेला. प्रत्यक्षात तो आपल्याच जोराने तोल गमावून बसलेला असतो.

येथेच एक शंका उपस्थित होते आणि ती रास्त आहे. प्रतिस्पर्ध्याचा जोर त्याच्यावरच उलटवणे ही काही ताइचीची मक्तेदारी नव्हे. कोल्हापूरच्या तालमीतील कोणताही मुरलेला पैलवान अंगावर येणाऱ्या जोडीदाराचा रेटाच डावात वापरतो, आणि शाओलिनच्या शिक्षकांनाही कंबरेचे महत्त्व ठाऊक असते. मग ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’ ही विभागणी तंत्रावर आधारलेली नसेल, तर ती आली कोठून? माझ्या मते या विषयातील सर्वांत रंजक भाग हाच आहे.

## एक मृत्युलेख आणि त्यातील राजकारण

‘आतले घराणे’ हा शब्दप्रयोग युद्धकलेच्या संदर्भात प्रथम आढळतो तो १६६९ मध्ये लिहिलेल्या एका मृत्युलेखात. लेखक होता हुआंग झोंगशी, त्या काळचा अत्यंत प्रतिष्ठित विद्वान, आणि लेख होता वांग झेंगनान या मुष्टियोद्ध्याच्या स्मरणार्थ. हुआंग लिहितो की शाओलिनची कीर्ती आक्रमणावर उभी आहे आणि म्हणूनच प्रतिस्पर्ध्याला तिचा फायदा घेता येतो. याउलट एक आतले घराणे आहे, जे स्थिरतेने हालचालीवर मात करते.

हा लेख कोणत्या काळात लिहिला गेला हे ध्यानात घेतल्याशिवाय त्याचा अर्थ पूर्ण लागत नाही. १६४४ मध्ये मिंग राजवट कोसळली आणि उत्तरेकडून आलेल्या मांचू लोकांची चिंग राजवट सुरू झाली. हुआंगने मांचूंविरुद्धच्या प्रतिकारात भाग घेतला होता आणि पुढे त्यांची चाकरी पत्करण्यास त्याने आयुष्यभर नकार दिला. वांग झेंगनान हाही मिंगनिष्ठच होता. उघडपणे परकीय सत्तेविरुद्ध लिहिणे जिवावर बेतणारे होते. अशा माणसाने ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’ असे शब्द वापरले, आतल्याचे मूळ चीनच्या स्वतःच्या ताओ परंपरेत दाखवले आणि बाहेरच्याचे मूळ बौद्ध मठात, तेव्हा त्याला केवळ मुष्टियुद्धाविषयी बोलायचे होते काय? अनेक आधुनिक अभ्यासकांच्या मते आतले म्हणजे देशी आणि बाहेरचे म्हणजे परके, असा सूचितार्थ येथे आहे. स्थिर राहून अंगावर येणाऱ्या बळाला नमवणारी देशी विद्या हे मांचूंच्या टाचेखालील चीनसाठी बोलके रूपक होते.

भारतीय वाचकाला यात एक गंमत दिसेल. शाओलिन मठाशी ज्याचे नाव आख्यायिकेने जोडले आहे तो बोधिधर्म भारतातून गेलेला, म्हणजे या विभागणीतील ‘बाहेरचे’ एका अर्थी आपणच आहोत.

आता महत्त्वाचा मुद्दा असा की हुआंगने वर्णिलेले आतले घराणे म्हणजे ताइची नव्हे. हुआंगचा मुलगा हुआंग बाइजिया हा वांग झेंगनानचा शिष्य होता. त्याने १६७६ मध्ये या विद्येची पद्धत लिहून ठेवली आणि ती आपल्याबरोबरच लोप पावणार अशी खंत व्यक्त केली. त्यातील डावांची नावे ताइचीच्या डावांशी जुळत नाहीत. ताइचीला ‘आतली’ ठरवणारे शिक्कामोर्तब पुढे जवळजवळ अडीच शतकांनी झाले.

## डोंगरावरच्या साधूची कथा

ताइचीविषयीच्या बहुतेक पुस्तिकांत सुरुवातीलाच झांग सानफेंग भेटतो. वुडांग पर्वतावर राहणाऱ्या या ताओपंथी साधूने साप आणि पक्षी यांची झुंज पाहिली, मऊ साप कठीण चोचीला कसा चकवतो हे न्याहाळले आणि त्यातून ताइची निर्माण केली, अशी कथा सांगितली जाते. हुआंगच्या मृत्युलेखात साप नाही. तेथे झांग सानफेंगला स्वप्नात देव मुष्टिविद्या शिकवतो आणि दुसऱ्या दिवशी तो एकटा शंभरांहून अधिक लुटारूंना ठार करतो. कोणी त्याला सोंग राजवटीच्या काळात ठेवतो, कोणी त्यानंतरच्या मिंग राजवटीच्या, म्हणजे त्याच्या काळात काही शतकांचा फरक सहज पडतो.

मराठी साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रकार नवा नाही. नामदेवांच्या नाममुद्रेने मिळणाऱ्या अभंगांत नंतरच्या विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले आणि कोणते कोणाचे हे ठरवणे जिकिरीचे होऊन बसले. थोर नावाखाली रचना गेली की तिला मान मिळतो, आणि रचणाऱ्यालाही त्यात लबाडी वाटत नाही. ताइचीच्या बाबतीत तर एका लेखकाने आपले मत बदलल्याचा पुरावा उपलब्ध आहे. ली यीयू हा एकोणिसाव्या शतकातील ताइचीचा जाणकार. त्याच्या आधीच्या एका पाठात झांग सानफेंगचे नाव मूळ पुरुष म्हणून येते, परंतु १८८१ च्या प्रस्तावनेत तो सरळ लिहितो की ताइचीचा आरंभ कोणी केला हे माहीत नाही. एवढा प्रामाणिकपणा या क्षेत्रात दुर्मीळ आहे.

## चेनजियागोउ: जेथे माग लागतो

कथा बाजूला ठेवून कागदोपत्री मागे गेले की वाट हेनान प्रांतातील वेन परगण्यात, पीत नदीच्या जवळ असलेल्या चेनजियागोउ या खेड्यात पोहोचते. नावाचा अर्थ चेन घराण्याची घळ. या घराण्याच्या नवव्या पिढीतील चेन वांगतिंग हा सतराव्या शतकात स्थानिक शिबंदीचा अधिकारी होता. मिंग राजवट गेल्यावर त्याचा हुद्दाही गेला आणि तो गावी परतला. त्याच्या नावावर असलेल्या एका कवितेत, कंटाळा आला की मुष्टियुद्धाचे डाव रचावेत, कामाचे दिवस आले की शेत कसावे, अशा अर्थाच्या ओळी आहेत. सत्ता गेलेला सैनिक, शेती आणि रिकामा वेळ, या तिहीतून एक विद्या आकाराला आली असे हे चित्र आहे आणि ते साप-पक्ष्यांच्या झुंजीपेक्षा मला अधिक विश्वसनीय वाटते.

चेन वांगतिंगनेही शून्यातून काही निर्माण केले नाही. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तांग हाव नावाचा इतिहासकार चेनजियागोउला गेला आणि त्याने घराण्याच्या नोंदी तपासल्या. सोळाव्या शतकात समुद्री चाच्यांविरुद्ध लढलेला सेनापती छी जिग्वांग याने सैनिकी प्रशिक्षणावरील आपल्या ग्रंथात मुष्टियुद्धाचे ३२ पवित्रे सचित्र दिले होते. त्यांपैकी २९ चेन घराण्याच्या डावांत आढळतात असे तांगने दाखवले. ‘एकेरी चाबूक’, ‘एका पायावरचा सोनेरी कोंबडा’ आणि ‘आळसावून अंगरखा खोचणे’ ही नावे सेनापतीच्या ग्रंथातही आहेत आणि आजच्या ताइचीतही. अंगरखा खोचण्याचा पवित्रा डोळ्यांसमोर आणणे सोपे आहे: लांब झग्याचा घोळ चालताना आणि लाथ मारताना पायांत येऊ नये म्हणून लढण्यापूर्वी तो एका हाताने कमरेला खोचायचा आणि दुसरा हात पुढे उघडायचा. समोर शत्रू असताना हे ‘आळसावून’ करायचे, यात लढवय्याची मिजास आहे.

याच सेनापतीने एक गोष्ट नमूद करून ठेवली आहे, जी आजच्या वादात फार उपयोगी पडते. त्याच्या मते मुष्टियुद्धाचा मोठ्या लढाईत फारसा उपयोग नाही. परंतु हातपाय मोकळे होतात, शरीराला कष्टांची सवय लागते आणि नवशिक्यासाठी ते शस्त्रविद्येचे प्रवेशद्वार ठरते. म्हणजे व्यायाम आणि लढाई यांची ही सांगड आधुनिक लोकांनी लावलेली नाही. ती चारशे वर्षांपूर्वीच्या एका व्यवहारी सेनापतीच्या लेखी आधीपासून होती.

## खेड्यातून राजधानीत

पुढची सुमारे दीड शतके ही विद्या चेन घराण्याच्या उंबऱ्याआड राहिली. ती बाहेर नेली यांग लुचानने (१७९९–१८७२). उत्तरेकडील योंगनियान या गावचा हा गरीब तरुण चेनजियागोउत आला आणि चौदाव्या पिढीतील चेन चांगशिंग याच्याकडे शिकला. भिंतीच्या फटीतून चोरून पाहत तो शिकला आणि पकडला गेल्यावर त्याची तयारी पाहून गुरूने त्याला स्वीकारले, असे सांगतात. अशी कथा प्रत्येक संस्कृतीत एखाद्या तरी शिष्याच्या वाट्याला येते, तेव्हा तिच्यावर फार भार टाकू नये. निश्चित आहे ते एवढेच की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास यांग लुचान बीजिंगला पोहोचला, मांचू सरदारांच्या वाड्यांत शिकवू लागला आणि ‘अजिंक्य यांग’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

यातील विरोधाभास सुटू नये. मांचूंविरोधी विद्वानाने घडवलेली ‘आतल्या घराण्या’ची कल्पना पुढे ज्या विद्येला चिकटली, ती विद्या नावारूपाला आली मांचूंच्याच आश्रयाने.

यांगच्याच गावात वू यूशियांग हा सुखवस्तू, सुशिक्षित गृहस्थ राहत होता. तो प्रथम यांगकडे शिकला आणि १८५२ च्या सुमारास चेनजियागोउजवळच्या झाओबाओ गावातील चेन चिंगपिंग याच्याकडेही. त्याच्या भावाला मिठाच्या एका दुकानात वांग झोंगयुए नावाच्या लेखकाचा ताइचीवरील प्रबंध मिळाला असे सांगितले जाते. तो खरोखर सापडला की वू बंधूंनीच लिहिला, यावर अभ्यासकांत एकमत नाही. परंतु त्याचा परिणाम वादातीत आहे. खेड्यातील डावपेचांना यिन-यांगची तात्त्विक भाषा मिळाली, ताइजी हे भारदस्त नाव मिळाले, आणि मुष्टियुद्धाला कमी लेखणाऱ्या शिकलेल्या वर्गाला या विद्येत रस घेण्यास निमित्त मिळाले. त्या प्रबंधातील गाजलेले वचन चिनी वजने आपल्या जुन्या मापांत बसवून सांगायचे तर असे होईल: चार तोळ्यांच्या बळाने हजार शेरांना वळवावे.

## एक विद्या, पाच घराणी

शास्त्रीय संगीताची ओळख असलेल्यांना पुढचा भाग समजावून सांगण्याची गरज नाही. ग्वाल्हेरहून गायकी निघाली, शिष्य-प्रशिष्यांच्या गळ्यांप्रमाणे आणि स्वभावाप्रमाणे तिची रूपे बदलली आणि प्रत्येक रूपाला स्वतंत्र घराण्याचे नाव मिळाले. ताइचीतही चेन हे मूळ घराणे, त्यातून यांग, यांगच्या शिष्यपरंपरेतून वू यूशियांगचे एक आणि मांचू वंशातील वू जियानच्वान (१८७०–१९४२) याचे दुसरे. ही दोन आडनावे चिनीत वेगळ्या खुणांनी लिहितात, देवनागरीत मात्र ती सारखीच दिसतात, त्याला इलाज नाही. पाचवे सुन लुतांगचे. चेन घराण्यात संथ आणि वेगवान हालचाली एकमेकींत गुंफलेल्या असतात. यांग घराण्यात पवित्रे मोठे, मोकळे आणि एकसारख्या लयीचे. वू जियानच्वानच्या घराण्यात आटोपशीर. सुनच्या घराण्यात पावले चपळ.

## मग ती इतकी संथ कधी झाली?

१९०० मध्ये परकीयांविरुद्ध उठलेल्या मुष्टियोद्ध्यांच्या बंडाचा बंदुकांपुढे धुव्वा उडाला. मंत्र आणि मुष्टी यांच्या बळावर गोळ्या परतवता येतात, हा भ्रम रक्तात बुडाला आणि शिकलेल्या चिनी लोकांना युद्धकला मागासलेपणाचे लक्षण वाटू लागली. दुसरीकडे, चीन हा ‘पूर्वेकडील आजारी माणूस’ आहे हे हिणवणे सर्वांना झोंबत होते. १९१२ मध्ये प्रजासत्ताक आल्यावर देशाचे शरीर सुदृढ करायचे, तेही शक्यतो देशी मार्गाने, ही प्रेरणा बळावली. त्याच वर्षी बीजिंगमध्ये शू यूशेंगने शारीरिक शिक्षणाची संस्था काढली आणि यांग लुचानच्या नातवांना तसेच वू जियानच्वानला तेथे शिकवण्यास बोलावले. वाड्यांतील आणि घराण्यांतील विद्या अशा रीतीने खुल्या वर्गात आली.

वर्गात येताच तिचे रूप बदलणे अपरिहार्य होते. एका शिष्याला बारा वर्षे घडवणारा गुरू आणि एका वेळी चाळीस नोकरदारांना शिकवणारा शिक्षक यांची रीत एक असू शकत नाही. यांग लुचानचा नातू यांग चेंगफू (१८८३–१९३६) याने उड्या, अचानक आघात आणि पाय आपटणे काढून टाकले, सर्व हालचाली एका संथ लयीत आणल्या आणि पुढे शांघायला जाऊन तीच पद्धत रुजवली. आज जगभर ताइची म्हणून जे दिसते त्याचा साचा बहुतांशी हाच आहे, म्हणजे त्याचे वय शंभर वर्षांच्या आसपास आहे.

१९२८ मध्ये चेन घराण्यातील चेन फाके (१८८७–१९५७) बीजिंगमध्ये शिकवायला आला, तेव्हा या बदलाचा पल्ला लोकांना कळला. बीजिंगकरांना ताइची म्हणजे संथ लय एवढेच माहीत झाले होते; हा माणूस उड्या मारत होता, पाय आपटत होता आणि ओला कपडा झटकावा तसे सर्वांग झटकून आघात करत होता. मूळ गावाहून आलेल्या माणसाची ताइची पाहून ही ताइचीच आहे का, असा संशय शहरी लोकांनी घेतला.

सुन लुतांग (१८६०–१९३३) हा शिंगयी, बागुआ आणि ताइची या तिन्हींत निष्णात होता. १९१५ ते १९२१ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांनी या तिन्हींना एका तत्त्वज्ञानाच्या सूत्रात ओवले आणि ‘आतली घराणी’ म्हणजे हीच तीन, हे समीकरण पक्के झाले. १९२८ मध्ये नानजिंगला स्थापन झालेल्या राष्ट्रीय युद्धकला संस्थेने तर वुडांग (आतली घराणी) आणि शाओलिन (बाहेरची) असे दोन विभागच केले. दोन्ही बाजूंच्या शिक्षकांमध्ये हाणामारीपर्यंत मजल गेली आणि काही महिन्यांतच विभाग रद्द करावे लागले.

१९५६ मध्ये चिनी सरकारच्या क्रीडा आयोगाने यांग घराण्याच्या लांबलचक क्रमातून २४ पवित्र्यांचा एक सोपा क्रम तयार करवून घेतला. तो पाच-सहा मिनिटांत पूर्ण होतो आणि बागेत, कारखान्यात, शाळेत कोठेही शिकवता येतो. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६–७६) जुन्या परंपरांवर वरवंटा फिरला, त्यात घराण्यांचे गुरूही भरडले गेले. १९७८ मध्ये चीनचा नेता देंग शियावपिंग याने एका जपानी पाहुण्यासाठी ‘ताइची चांगली आहे’ असे स्वहस्ते लिहून दिले, तेव्हा वारे फिरल्याचे सर्वांना समजले.

## आक्षेप पहिला: इतकी अलीकडची, तर खोटीच म्हणायची का?

तसे म्हणायचे तर सूर्यनमस्कारांचे काय करायचे? औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा हिरिरीने प्रचार केला, त्यांना शाळांमधून सार्वत्रिक व्यायामाचे स्वरूप दिले आणि तेच आज आपल्या परिचयाचे आहे. सूर्योपासना प्राचीन, नमस्कार प्राचीन, परंतु ठरावीक क्रमाचा, मोजून घालायचा, शाळेच्या पटांगणावरचा व्यायाम आधुनिक. त्याने घालणाऱ्याचा घाम खोटा ठरत नाही. ताइचीतील पवित्रे सोळाव्या शतकातील, त्यांची गुंफण सतराव्या शतकातील, तत्त्वज्ञानाची भाषा आणि नाव एकोणिसाव्या शतकातील आणि संथ लय विसाव्या शतकातील आहे. ‘पाच हजार वर्षांची परंपरा’ ही जाहिरात मात्र खोटी आहे, आणि ती करण्याची काही गरजही नव्हती.

## आक्षेप दुसरा: लढाईत ती चालते का?

२०१७ च्या लढतीहून अधिक बोलकी अशी एक लढत १७ जानेवारी १९५४ रोजी मकाव येथे झाली. वू जियानच्वानचा मुलगा वू गोंगयी, वय पन्नाशीच्या पुढे, आणि श्वेत क्रौंच शैलीचा तरुण योद्धा चेन केफू हे एकमेकांसमोर उभे राहिले. निमित्त होते हाँगकाँगमधील शेक किप मेइ वस्तीला लागलेल्या आगीतील पीडितांसाठी निधी गोळा करण्याचे. त्या लढतीची चित्रफीत उपलब्ध आहे. ना चार तोळ्यांनी हजार शेर वळतात, ना क्रौंच पंख पसरतो. दोन दमलेले पुरुष वेडेवाकडे ठोसे मारतात, नाकातून रक्त येते आणि दुसऱ्या फेरीत पंच लढत थांबवतात. निकाल असा दिला गेला की कोणी जिंकले नाही, कोणी हरले नाही आणि बरोबरीही झाली नाही. या उत्साहाच्या लाटेवर हाँगकाँगच्या वृत्तपत्रांत योद्ध्यांच्या क्रमशः कादंबऱ्या छापून येऊ लागल्या, आणि अदृश्य शक्तीने शत्रूला उडवून देणारे गुरू लोकांच्या मनात घर करून बसले ते अशाच वाङ्मयामुळे.

यातून ताइचीत लढण्याचे तंत्र नाही असे सिद्ध होत नाही. तंत्र आहे, परंतु तंत्र अंगी मुरते ते प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराशी रोज झटून. नुसत्या दंडबैठका काढून कोणी हिंदकेसरी होत नाही, आणि २४ पवित्र्यांचा क्रम पन्नास वर्षे रोज केला तरी ठोसा चुकवता येईलच असे नाही. यांग लुचानच्या शिष्यांनी पवित्र्यांचा क्रम आणि जोडीदाराशी झटापट हे दोन्ही केले होते, बागेतल्या वर्गाने क्रम तेवढा ठेवला. चूक त्या वर्गाची नव्हे. त्या वर्गाच्या बळावर स्वतःला अजिंक्य समजणाऱ्यांची आहे. स्पर्श न करता शिष्यांना लोळवणाऱ्या गुरूंच्या चित्रफिती पाहताना एवढेच पाहावे की लोळणारे सगळे त्यांचेच शिष्य आहेत.

## आक्षेप तिसरा: मग फायदा खरा की तोही कथेतलाच?

येथे सुदैवाने कथांवर विसंबावे लागत नाही. कंपवाताच्या म्हणजे पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांचे तीन गट करण्यात आले: एकाला ताइची, दुसऱ्याला वजनांचे व्यायाम, तिसऱ्याला ताण देण्याचे व्यायाम. २४ आठवडे, आठवड्यातून दोनदा, एक एक तास. उभे असताना तोल सांभाळण्यात ताइचीचा गट इतर दोन्ही गटांपेक्षा पुढे राहिला. पडण्याचे प्रमाण ताण देण्याच्या गटापेक्षा कमी झाले; वजनांच्या गटाशी तुलना करता मात्र तसा स्पष्ट फरक दिसला नाही. अर्थात ताइची हे औषध नव्हे आणि कंपवात तिने बरा होत नाही.

तोल का सुधारतो, याचे कारण पवित्र्यांतच आहे. ताइचीत एक पाय ‘भरलेला’ आणि दुसरा ‘रिकामा’ मानतात. पाऊल टाकताना आधी सगळा भार मागच्या पायावर भरायचा, पुढचा पाय पूर्ण रिकामा करून टाच अलगद टेकवायची आणि जमीन पक्की असल्याची खात्री पटल्यावरच भार हळूहळू त्यात ओतायचा. दिवे गेलेल्या घरात जिना उतरताना पुढची पायरी पायाने चाचपडत माणूस जसा उतरतो, तसे हे चालणे आहे. चेनजियागोउच्या सैनिकाला ते हवे होते, कारण भार टाकण्यापूर्वी पाय रिकामा असेल तर शत्रूने पायाला पाय घातला तरी तो मागे घेता येतो. सत्तरीच्या माणसाला ते हवे असते, कारण न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पाय सरकला तर तो मागे घेता यावा.